मुंगेरहून परतीची रात्र

१९३२ च्या ऑगस्ट महिन्यात रवींद्रनाथ ठाकूर यांचा एकुलता एक नातू नीतींद्रनाथ जर्मनीत क्षयाने मृत्यू पावला. मुद्रणाची विद्या शिकण्यासाठी तो तेथे गेला होता आणि त्याने नुकतीच विशी गाठली होती. त्याची आई मीरादेवी ही रवींद्रनाथांची धाकटी कन्या. तिचे सांसारिक जीवन आधीच विस्कटलेले होते, त्यात हा आघात झाला. त्या महिन्याच्या अखेरीस रवींद्रनाथांनी तिला जे पत्र लिहिले ते बंगाली पत्रवाङ्मयात पुढे प्रसिद्ध झाले. शोकग्रस्त मुलीला धीर देण्यासाठी एकाहत्तर वर्षांच्या पित्याने उपनिषदांतील वचने उद्धृत केली नाहीत किंवा आत्म्याच्या अमरत्वाचे विवेचन केले नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण स्वतः कोणत्या रात्रीतून गेलो एवढेच त्याने सांगितले. ती रात्र १९०७ च्या नोव्हेंबरातील होती. धाकटा मुलगा शमींद्रनाथ याला मुंगेर येथे निरोप देऊन ते आगगाडीने परत येत होते.

पत्रातील निवेदनाचा आशय असा आहे. शमी गेला त्या रात्री त्यांनी सर्व अंतःकरणाने एकच इच्छा केली की, या विराट विश्वात त्याची गती अबाधित असावी आणि आपल्या शोकाने त्याला मागे ओढू नये. दुसऱ्या रात्री गाडीतून येताना त्यांनी बाहेर पाहिले तेव्हा आकाश चांदण्याने भरून वाहत होते, आणि कोठे काही उणे झाल्याची खूण त्या आकाशात नव्हती. त्यांच्या मनाने कौल दिला की, खरोखरच काही उणे झालेले नाही. सर्व काही सर्वांच्या ठायी आहे, आपणही त्यातच आहोत, आणि त्या सर्वांसाठी आपले काम अद्याप उरलेले आहे.

रवींद्रनाथांचे चरित्रकार आणि रसिक या पत्राकडे पुन्हापुन्हा वळतात. पुत्रशोकाच्या जागी पित्याला ईश्वराची भेट घडल्याच्या कथा भारतीय परंपरेला नव्या नाहीत. परंतु येथे काळ आणि स्थळ निश्चित आहे, साक्षीदार आधुनिक आहे, आणि त्याने लिहून ठेवलेला शब्द उपलब्ध आहे. म्हणूनच त्या शब्दाची इतिहासाच्या कसोटीवर परीक्षा करणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे.

त्या रात्रीपूर्वीची पाच वर्षे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. डिसेंबर १९०१ मध्ये शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. विद्यार्थी अवघे पाच होते आणि त्यांत थोरला मुलगा रथींद्रनाथ हा एक होता. वर्ष पुरे होण्याच्या आतच, २३ नोव्हेंबर १९०२ रोजी, पत्नी मृणालिनीदेवी कलकत्त्यात निवर्तल्या. 'स्मरण' या काव्यमालिकेचा उगम त्या वियोगात आहे. मधली मुलगी रेणुका हिला क्षयाने ग्रासले होते. हवापालटासाठी तिला आधी हजारीबागेला आणि मग १९०३ च्या उन्हाळ्यात अल्मोड्याला नेण्यात आले. आजारी मुलीच्या उशाशी बसून, आईवाचून राहिलेल्या मुलांसाठी, त्यांनी बालकविता लिहिल्या. त्याच पुढे 'शिशु' या नावाने संग्रहित झाल्या. सप्टेंबर १९०३ मध्ये रेणुकाही गेली. तिच्या अखेरच्या क्षणांची एक आठवण रवींद्रनाथांनी पुढे निकटवर्तीयांना सांगितलेली आहे. तिने वडिलांना ईश्वराला पिता म्हणून हाक मारणारा वैदिक मंत्र म्हणण्यास सांगितले, आणि तो ऐकतच तिने प्राण सोडला. ब्राह्मसमाजाच्या उपासनेत हा मंत्र नित्याचा होता. ज्या पित्याला आपल्या मुलीला वाचवता येत नव्हते त्याच्याच तोंडून तिला दुसऱ्या पित्याचे नाव ऐकायचे होते. या प्रसंगातील दारुणता कोणत्याही भाष्याने वाढणारी नाही.

१९०४ च्या आरंभी आश्रमातील तरुण शिक्षक आणि कवी सतीशचंद्र राय देवीच्या साथीत दगावले. १९ जानेवारी १९०५ रोजी महर्षी देवेंद्रनाथ गेले. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीच्या आंदोलनात रवींद्रनाथ गीतांनी, व्याख्यानांनी आणि राखीबंधनाच्या कल्पनेने अग्रभागी उभे राहिले. दोन वर्षांत त्या आंदोलनाला आलेले वळण त्यांना मानवले नाही आणि ते त्यातून बाजूला झाले. १९०६ मध्ये रथींद्रनाथ शेतकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. १९०७ च्या जून महिन्यात मीरेचे लग्न झाले. घरात उरला तो अकरावे वर्ष सरत आलेला शमी.

शमींद्रनाथाची जी शब्दचित्रे आश्रमवासीयांनी रेखाटली आहेत त्यांत त्याचे वडिलांशी असलेले साम्य आणि काव्याची ओढ ही दोन लक्षणे वारंवार येतात. १९०७ च्या वसंतपंचमीला त्याने सवंगड्यांना जमवून शांतिनिकेतनात एक ऋतु-उत्सव केला. मुलांनी ऋतूंची वेषभूषा केली आणि गाणी म्हटली. वडील त्या दिवशी आश्रमात नव्हते. आश्रमातील ऋतु-उत्सवांच्या समृद्ध परंपरेचा आरंभ म्हणून या बालिश खेळाचा निर्देश केला जातो.

त्या वर्षीच्या पूजेच्या सुटीत शमी आपला मित्र, श्रीशचंद्र मजुमदार यांचा मुलगा, याच्याबरोबर मुंगेरला गेला. मुंगेर हे गंगेच्या दक्षिण काठावरील जुने किल्ल्याचे गाव. अठराव्या शतकात मीर कासीमने येथेच राजधानी हलविली होती, आणि जवळच्या जमालपूरला १८६२ पासून रेल्वेचा मोठा कारखाना होता. बिहार तेव्हा बंगाल प्रांतातच मोडत होता. ब्राह्मसमाजाच्या इतिहासातही या गावाचे नाव आहे. १८६८ मध्ये केशवचंद्र सेन यांच्या वास्तव्यात येथे भक्तीचा असा पूर लोटला की काही अनुयायी त्यांच्या पायांवर लोळण घेऊ लागले, आणि ही नरपूजा तर नव्हे असा वाद समाजात पेटला. निराकाराच्या उपासकांनाही कोणाच्या तरी पायांवर डोके ठेवण्याची तहान असते हे मुंगेरने चाळीस वर्षांपूर्वीच दाखविले होते. गावातील प्राचीन घाटाचे नाव कष्टहारिणी असे आहे.

तेथे शमीला पटकी झाली. तार पोचताच रवींद्रनाथ कलकत्त्याहून डॉक्टर घेऊन निघाले. पटकीचा जंतू कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच ओळखला होता. पण शरीरातून वाहून जाणारे पाणी आणि क्षार भरून काढण्याची परिणामकारक रीत अजून हाती आली नव्हती. रॉजर्स यांचे क्षारजलाचे उपचार कलकत्त्यात त्यानंतर लवकरच रूढ झाले, आणि मीठ, साखर व पाणी यांच्या साध्या पेयाने या रोगाची भीती घालविण्याचे काम तर १९७१ च्या निर्वासित छावण्यांत झाले. १९०७ मध्ये पित्याला करता येण्यासारखे फारसे काही नव्हते. प्रसंगी हजर असलेले आश्रमाचे शिक्षक भूपेंद्रनाथ सान्याल यांच्या आठवणींतून पुढील चित्र मिळते: अंत जवळ आल्यावर रवींद्रनाथ शेजारच्या खोलीत जाऊन ध्यानस्थ बसले, आणि पुढचे विधी त्यांनी इतरांच्या हाती सोपविले. बंगाली पंचांगाप्रमाणे तो अग्रहायण ७ हाच दिवस होता. पाच वर्षांपूर्वी याच तिथीला मुलाची आई गेली होती.

शेजारच्या खोलीतील ते बसणे काहींना अलिप्तपणाचे वाटले आहे. परंतु ज्या घराण्यात ते वाढले त्याच्या धर्माचा जन्मच अशा एका जागी झाला होता. देवेंद्रनाथांच्या आत्मचरित्राच्या आरंभी आपल्या आजीच्या मृत्यूची हकीकत आहे. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिला गंगेकाठी नेले होते. अंताच्या आदल्या रात्री तरुण देवेंद्रनाथ निमतला घाटावर साध्या चटईवर बसले होते. पौर्णिमेचा चंद्र उगवला होता, शेजारी स्मशान होते, आणि आजीच्या कानी नामसंकीर्तन पडत होते. अशा वेळी त्यांना एकाएकी ऐश्वर्याविषयी विरक्ती वाटली आणि पूर्वी कधी न अनुभवलेला आनंद त्यांच्या मनात दाटला. तो आनंद टिकला नाही. त्याला पुन्हा शोधण्याच्या धडपडीतच ईशोपनिषदाचे एक फाटके पान त्यांच्या हाती आले, आणि त्यातून ब्राह्मधर्माची घडण झाली. रवींद्रनाथांना ही हकीकत अर्थातच परिचित होती. म्हणून एक शंका रास्त ठरते. मृत्यू, प्रवास आणि चांदणे यांचा हा संयोग खरोखर घडला, की पुत्राच्या स्मृतीने पित्याच्या आत्मचरित्राचा साचा नकळत उचलला?

शंकेला आणखी आधार आहेत. पत्र घटनेनंतर पंचवीस वर्षांनी लिहिलेले आहे, आणि तेही सांत्वनाच्या हेतूने. शिवाय १९१२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'जीवनस्मृती'त १८८४ मधील एका मृत्यूच्या, म्हणजे वहिनी कादंबरीदेवी यांच्या निधनाच्या संदर्भात, याच जातीचा अनुभव आलेला आहे. जे निश्चित वाटत होते ते नाहीसे झाले, त्या रिकाम्या जागेने आधी भय दिले, आणि नंतर मृत्यूच्या दुरत्वावरून पाहिलेले जग अधिक सुंदर दिसू लागले, असे तेथे म्हटले आहे. यावरून शोकानंतर विश्वाकडे वळणारी दृष्टी ही रवींद्रनाथांच्या मनाची जुनी सवय होती असे कोणी म्हणू शकेल. त्यात लोकश्रुतीने आपली भर घातली आहे. चांदण्या रात्री सारे वनात गेले असताना एकटाच घरात जागत राहणाऱ्या माणसाचे एक प्रसिद्ध गीत शमीच्या मृत्यूच्या रात्री लिहिले गेले अशी समजूत बंगालात घट्ट आहे. वस्तुतः ते गीत १९१४ मधले आहे. दंतकथा कोठे जन्मते याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल. लोकांना पुरावा आधी हवा असतो आणि कालगणना नंतर.

असे असूनही पत्राची साक्ष टाकाऊ ठरत नाही, कारण तिला तत्कालीन पुराव्याचा आधार आहे. पहिला आधार अगदी साधा आहे. त्या वर्षी पौर्णिमा २० नोव्हेंबरच्या सुमारास होती. परतीच्या रात्री कृष्ण पक्षाचा आरंभ होता. चंद्र थोडा उशिरा उगवून रात्रभर आकाशात राहिला असला पाहिजे. हेमंतातील निरभ्र आकाश, गंगेकाठचा सपाट प्रदेश आणि रेल्वेची खिडकी या सर्वांचा मेळ बसतो. दुसरा आधार अधिक मोलाचा आहे. शमीच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांच्या आत, अग्रहायण २७ रोजी, शिलाइदह येथे त्यांनी एक गीत रचले. आपले अंतःकरण उमलवावे, निर्मळ करावे, निर्भय करावे, सर्वांशी जोडावे अशी विनवणी त्या गीतात अंतर्यामी परमेश्वराला केलेली आहे. ते 'गीतांजली'त समाविष्ट आहे. त्यात पुत्राचा उल्लेख नाही, परलोकाचा नाही, 'का' हा प्रश्नही नाही. सर्वांशी जोडले जाण्याची मागणी मात्र आहे. आणि पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या पत्राचाही गाभा तोच आहे. 'सर्वांमध्ये सर्व आहे' हा कौल नंतर सुचलेला नव्हता, तो १९०७ च्या डिसेंबरातच शब्दरूप झालेला होता.

तिसरा आधार कामाचा आहे. 'गोरा' ही कादंबरी त्या वर्षीच्या भाद्रपदापासून 'प्रवासी' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली होती. पुत्रशोकाच्या त्या दिवसांतही तिच्या प्रकरणांत खंड पडला नाही, याची संपादक रामानंद चट्टोपाध्याय यांनी विस्मयाने नोंद केली आहे. फेब्रुवारी १९०८ मध्ये पाबना येथील प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद रवींद्रनाथांनी भूषविले आणि खेड्यांच्या संघटनेचा कार्यक्रम मांडला. त्या काळात शिलाइदहच्या परिसरात ग्रामसुधारणेचे प्रत्यक्ष कामही सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून शांतिनिकेतनातील उपासनेच्या प्रवचनांची मालिका चालू झाली आणि १९१० मध्ये 'गीतांजली' प्रसिद्ध झाली. देवेंद्रनाथांना निमतला घाटावर ऐश्वर्याविषयी वैराग्य आले होते. रवींद्रनाथांना आगगाडीत कामाची आठवण झाली. साचा पित्याचा मानला तरी त्यातून निघालेली मूर्ती पुत्राची स्वतःची आहे.

तर मग त्या रात्री भेटला तो कोण? या भेटीत दर्शन नाही, साक्षात्काराची वाणी नाही, गेलेल्या मुलाचे पुनर्दर्शन नाही, आणि क्षमेची किंवा स्पष्टीकरणाची देवघेवही नाही. मराठी वाचकाला येथे साहजिकपणे तुकोबांचे स्मरण होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली हे त्यांच्याच अभंगात आहे, आणि मुलगाही गेल्याचे परंपरा सांगते. दिवाळे, अपमान आणि मृत्यू यांनी पोळलेला तो माणूस देहूजवळच्या डोंगरांवर एकांतात बसला, आणि त्यातून त्याचे विठ्ठलाशी आयुष्यभराचे भांडणतंटे आणि प्रेम सुरू झाले. ठाकूर घराण्याला हा कवी अपरिचित नव्हता. मुंबई इलाख्यात न्यायाधीश म्हणून राहिलेले थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले होते, आणि तरुण रवींद्रनाथांनीही काही अभंगांचा अनुवाद करून पाहिला होता. परंतु तुकोबांना ज्याला शिव्या देता येतील असा, विटेवर उभा असलेला, समोरचा देव होता. ब्राह्म संस्कारात वाढलेल्या रवींद्रनाथांना विटही नव्हती आणि कटीवर ठेवलेले करही नव्हते. जाब विचारावा तर समोर केवळ चांदणे. शोकाने व्याकूळ झालेल्या माणसाला असा देव पुरेसा होतो का, हा या सर्व प्रकरणातील खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर असे निघते की, त्या चांदण्यात जे अत्यंत निष्ठुर होते तेच त्यांच्यासाठी आधार ठरले. मूल गेले आणि आकाशाला काहीच झाले नाही, ही जाणीव कोणत्याही आईबापाला असह्य वाटावी अशी आहे. जग आपल्या दुःखासाठी क्षणभरही थांबत नाही, यातून माणूस बहुधा जगाच्या शत्रुत्वाचा निष्कर्ष काढतो. रवींद्रनाथांनी उलटा निष्कर्ष काढला. आपल्या दुःखाने जे उणे होत नाही त्याच्यात आपला मुलगा गेला आहे. म्हणून तोही उणा झालेला नाही. हे तर्काने सिद्ध करता येत नाही. पण त्यामागे एक नैतिक निर्णय आहे आणि तो ओळखता येतो. आपला शोक विश्वाच्या मध्यभागी ठेवायचा नाही, तो मुलाच्या पायांत बेडी म्हणून अडकवायचा नाही, आणि त्याचे ओझे इतरांवर टाकायचे नाही, असा तो निर्णय होता.

हा निर्णय एकदा झाला म्हणजे कायमचा झाला असे मात्र नाही. १९१८ मध्ये थोरली मुलगी माधुरीलता कलकत्त्यात क्षयाने अंथरुणाला खिळली होती. जावयाशी संबंध दुरावलेले होते, तरी वडील तिच्याजवळ बसण्यासाठी नित्य जात. १६ मे रोजी ते दाराशी पोचले तेव्हा ती गेल्याचे त्यांना कळले, आणि वर न जाता ते तसेच परत फिरले. मुंगेरला ते निदान शेजारच्या खोलीत बसले होते. येथे जिनाही चढवला नाही. १९२९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तर त्यांनी प्लँचेटच्या बैठका घेतल्या. माध्यम होत्या मोहितचंद्र सेन यांच्या कन्या उमादेवी. त्या बैठकांची टिपणे राहिली आहेत. परलोकातून ज्यांना बोलावले गेले त्यांत शमीही होता. ज्याला शोकाने मागे ओढायचे नाही असे १९०७ मध्ये ठरले होते त्याला बावीस वर्षांनी पित्याने पुन्हा हाक मारली. चरित्रकारांनी हा प्रसंग कधी कुतूहलाने, कधी संकोचाने सांगितला आहे. वास्तविक तो मुंगेरच्या साक्षीला खोटे पाडत नाही, तिला मानवी करतो. चांदण्याने शोक नाहीसा केला असता तर एका वृद्ध माणसाला पेन्सिलीच्या रेघांतून मुलाचा आवाज शोधण्याची गरज पडली नसती. त्या रात्री शोक संपला नव्हता. त्याला कोठे ठेवायचे ती जागा ठरली होती.

१९३४ मध्ये मुंगेरचे नाव पुन्हा रवींद्रनाथांच्या आयुष्यात आले. १५ जानेवारी रोजी झालेल्या भूकंपात उत्तर बिहारबरोबर मुंगेर शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले. मुजफ्फरपूर आणि मुंगेर येथे मृत्यूंची संख्या फार मोठी होती. एका दुपारी हजारो घरांत आईबापांना मुले आणि मुलांना आईबाप उरले नाहीत. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. तिरुनेलवेली येथे त्यांनी हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेले शासन आहे असे प्रतिपादन केले. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला, आणि गांधीजींनी 'हरिजन'च्या फेब्रुवारीतील अंकात तो आपल्या उत्तरासह छापला. भौतिक आपत्तींचा उगम भौतिक कारणांतच असतो. नीतितत्त्वांना विश्वातील उत्पातांशी जोडले तर ईश्वराची नीती माणसाच्या नीतीहूनही हीन ठरेल. आणि हाच युक्तिवाद उद्या सनातनी लोक गांधीजींच्या विरुद्ध वापरतील, असा आक्षेपाचा रोख होता. निसर्गनियम आणि नीती यांत आपण अभेद्य भिंत मानत नाही, हे गांधीजींचे उत्तर होते.

अस्पृश्यतेच्या प्रश्नावर दोघांत मतभेद नव्हता. सप्टेंबर १९३२ मध्ये, नीतींद्रनाथ जाऊन दोन महिनेही झाले नसताना, रवींद्रनाथ गांधीजींच्या उपोषणाच्या काळजीने पुण्याला धावले होते. २६ सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुटले तेव्हा त्यांनी 'गीतांजली'तील एक गीत गायिले होते. जीवन शुष्क होईल तेव्हा करुणेची धार होऊन ये अशी प्रार्थना करणारे ते गीत म्हणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात त्या वेळी सुतक होते, हे फार थोड्या जणांच्या लक्षात आले असेल. १९३४ चा वाद म्हणून मित्रांमधला होता, पण तो ईश्वराच्या स्वरूपाविषयीचा होता. रवींद्रनाथांनी आपल्या निवेदनात शमीचा उल्लेख केलेला नाही, आणि तसा करणे त्यांच्या स्वभावातही बसले नसते. तथापि दोन मुंगेर शेजारी ठेवून पाहिल्यास एक सुसंगती स्पष्ट दिसते. ज्याने आपल्या मुलाच्या मृत्यूत स्वतःसाठी शिक्षा वाचली नाही, त्याला इतरांच्या मुलांच्या मृत्यूत समाजासाठी शिक्षा वाचलेली सहन होणे शक्य नव्हते. पित्याच्या नावाने ज्याला हाक मारायची तो एकाच्या पापासाठी दुसऱ्याचे मूल नेत नाही. १९०७ च्या आकाशाने कोणताही जाब दिला नव्हता, पण कोणाला दोषीही ठरविले नव्हते. त्या मौनाचा हा अर्थ १९३४ मध्ये सार्वजनिक जीवनात उतरला.

वाङ्मयाच्या बाजूनेही या रात्रीचे पडसाद दूरवर गेले. रेणुकेच्या आजारपणात, शमीच्या सोबतीत लिहिलेल्या 'शिशु'तील तीन कविता १९१२ च्या इंग्रजी 'गीतांजली'त आल्या. त्यांपैकी एकीत अनंत विश्वांच्या किनाऱ्यावर खेळणारी मुले आहेत. वादळे होतात, गलबते बुडतात, मृत्यू मोकाट फिरतो, आणि मुले खेळत राहतात. पाश्चात्त्य वाचकांनी त्यांत पूर्वेचा गूढवाद पाहिला. त्यांच्या उगमाशी एक आजारी मुलगी आणि एक खेळकर मुलगा होता, आणि त्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रकाशनापूर्वीच दोघेही गेलेले होते, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. भक्तिगीते म्हणून जी जगभर वाचली गेली त्यांच्या पोटात एका बापाचे घर होते.

मीरादेवींना लिहिलेल्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यापाशी हा वृत्तांत थांबवणे योग्य ठरेल. नीतीच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा शांतिनिकेतनात वर्षामंगल उत्सवाची तयारी चालली होती. गुरुदेवांच्या घरी असा आघात झाल्यावर या वर्षी उत्सव स्थगित करावा असे अनेकांनी सुचविले. रवींद्रनाथांनी ते मानले नाही. आपला शोक आपण वाहू, त्याचा भार सर्वांवर कशाला, अशी त्यांची भूमिका होती. ऋतूचा उत्सव ठरल्याप्रमाणे झाला. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच आश्रमात अकरा वर्षांच्याही आतल्या एका मुलाने ऋतूंची वेषभूषा करून मित्रांना गोळा केले होते. तो खेळ मांडणारा मुलगा मुंगेरला राहिला, खेळ मात्र उणा झाला नाही. त्या वर्षीही शांतिनिकेतनात पावसाची गाणी म्हटली गेली.